बदामाच्या टरफलांचं मंजन

सुमूच्या शाळेतून आलेली चिठ्ठी चार ओळींची होती. पण ती वाचून अस्मिताला जे वाटलं, ते चाळीस ओळींतही मावलं नसतं. 'आपल्या पाल्याची दंत तपासणी करण्यात आली. खालच्या डाव्या दाढेत कीड आढळली. दंतवैद्यांना दाखवावे. फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट वापरावी.' खाली शिक्का, आणि शिक्क्याशेजारी छापलेला एक हसरा दात. तो दात आपल्यालाच हसतोय, याबद्दल अस्मिताला शंका उरली नाही.

"कीड? आपल्या घरात?"

तिचा प्रश्न रास्त होता. नेरुळमधल्या त्या फ्लॅटमध्ये सुमूच्या साडेचार वर्षांच्या आयुष्यात चॉकलेट म्हणून शिरलेलं नव्हतं. वाढदिवसांना जी चॉकलेटं मिळत ती सुमूचा बाबा अश्विन खाली पार्किंगमध्ये, हेल्मेट न काढता, काच वर करून खाऊन येई. घरात फक्त खजुराचे लाडू, मनुका आणि गूळपापडी. अशा मुलीच्या दाढेला कीड म्हणजे बिनतिकीट फिरणाऱ्याला सोडून पासवाल्याला दंड.

"दुधाचा दात तो. आज ना उद्या पडायचाच हाय," सासूबाई चांगुणाबाई म्हणाल्या. शाळेत सुमूला आणायला त्याच गेल्या होत्या. "पन अगो, ती डॉक्टरीण सांगत व्हती की दाढ धा-अकराव्या वरसापरेंत ऱ्हाते, तवर पोरगी चावनार कशाने? ही नळी दिली हाय तिने. वाटान्याएवढी घ्यायची, म्हनाली, आनि..."

आणि काय ते ऐकायच्या आतच चौथ्या मजल्यावरच्या राजश्रीताई आल्या. राजश्रीताईंनी निसर्गोपचाराचा तीन दिवसांचा ऑनलाइन कोर्स केला होता आणि त्याचं सर्टिफिकेट दारासमोरच अशा जागी लावलं होतं, की लिफ्टची वाट बघणाऱ्या माणसाने ते वाचल्याशिवाय लिफ्ट येत नसे.

"फ्लोराइड?" त्यांनी ती नळी दोन बोटांत धरली, झुरळ धरावं तशी. "अगं, बुद्धी मंद होते मुलांची. परदेशात बंदी आहे याच्यावर."

"कुठल्या देशात?"

"सगळ्याच. आणि ही बुडाशी रंगाची पट्टी बघ. हिरवी म्हणजे निसर्ग, काळी म्हणजे केमिकल."

अस्मिताने बघितलं. "ही निळी आहे, ताई."

राजश्रीताईंनी नळी उलटी करून बघितली. कोर्सच्या तीन दिवसांत निळी पट्टी आली नसावी.

"निळी तर सगळ्यात वाईट," त्या म्हणाल्या.

शेवटचा शब्द अश्विनचा. तो तळोज्याला एका केमिकल कंपनीत होता. डिस्पॅचला, म्हणजे त्याचा संबंध केमिकलच्या फक्त बाहेरच्या बाजूशी. पण सोसायटीत कुणाला पाल चावली तरी मत अश्विनचंच घेतलं जाई. "फ्लोराइड ना? आमच्याकडे ड्रम येतात त्याचे," तो म्हणाला. "वर कवटी असते. खाली दोन हाडं."

अस्मिताने नळी कचऱ्याच्या डब्यात टाकली. चांगुणाबाईंनी फक्त डब्याकडे बघितलं.

आता पेस्ट गेली, तर तिच्या जागी काही यायला हवं. मंजन घरीच करायचं ठरलं. कृती राजश्रीताईंची: बदामाच्या टरफलांचा कोळसा, लवंग, सैंधव, तुरटी. "मुलीसाठी आई स्वतःच्या हाताने करते ना, त्याची सर कशालाच नाही," त्या म्हणाल्या, आणि हे वाक्य अस्मिताच्या थेट काळजात गेलं. सकाळी सात पन्नासला घर सोडून वाशीच्या विमा कंपनीत दिवसभर लोकांच्या क्लेमची पत्रं लिहिणाऱ्या आईला, आपण लेकीसाठी स्वतःच्या हाताने काय करतो, हा प्रश्न तसाही दर सिग्नलला पडतच असतो.

टरफलं मिळवायची तर टरफलासकट बदाम आणायला हवेत. टरफलासकट बदाम आणले की ते फोडायला हवेत. अश्विनने ते बाथरूमच्या दाराच्या बिजागरीत फोडले. पहिल्या अर्ध्या किलोपर्यंत दार सोशिकपणे वागलं. दुसऱ्या अर्ध्या किलोला बिजागरी वाकली, आणि दार वीतभर उघडं राहायला लागलं. तेव्हापासून त्या घरात आंघोळ करणाऱ्याने मोठ्याने गाणं म्हणायचं, असा नियम झाला. अश्विनला एकच गाणं येत होतं. सुतार 'उद्या येतो ताई' म्हणाला, आणि सुताराचा उद्या कसा असतो हे नवी मुंबईत नव्याने राहायला आलेल्यालाही सांगावं लागत नाही.

रविवारी सकाळी कढईत टरफलं जाळायचा कार्यक्रम झाला. जाळायला जेवढी टरफलं लागतात त्याच्या दसपट धूर होतो, ही माहिती कृतीत नव्हती. पहिल्यांदा स्वयंपाकघर दिसेनासं झालं, मग हॉल, मग जिन्यातून लोकांचे खोकले वर येऊ लागले. त्यांच्यामागोमाग सोसायटीचे सेक्रेटरी सुधीर आले. बँकेतले, नियमाचे पक्के. लिफ्टमध्ये 'तंबाखूमुक्त परिसर' ही पाटी त्यांनीच स्वखर्चाने लावली होती. त्यांच्या एका हातात वाळूची लाल बादली होती आणि दुसऱ्या हातात छापील कागद.

"वहिनी, आग आहे की नुसता धूर? आग असेल तर बादली आणलीय. धूर असेल तर नोटीस."

"मंजन आहे," अस्मिता आतून म्हणाली.

याला नियमावलीत कलम नव्हतं. सुधीर दारातच उभे राहिले.

आता याच धुरात आणखी एक गोष्ट घडत होती, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. चांगुणाबाई मूळच्या मंडणगडकडच्या. त्यांच्या पिढीच्या बायकांची सकाळ मशेरीने होते: तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि त्या भुकटीने दात घासत निवांत बसायचं. अस्मिताला तो वास सहन होत नसे. त्यावरून दोघींची बोलाचाली झाली होती. तेव्हापासून चांगुणाबाई घरात कुणी नसेल तेव्हाच मशेरी भाजत. आज इतका धूर आयताच झालेला बघून त्यांना वाटलं, एवढ्यात आपलं चिमूटभर काम उरकलं तर कुणाला कळतंय? त्यांनी मागच्या शेगडीवर तवा ठेवला. भाजली, चुरली, कॉफीच्या रिकाम्या बाटलीत भरली आणि ओट्यावर ठेवली.

अस्मिताचं मंजनही कॉफीच्या बाटल्यांतच होतं. धूर ओसरल्यावर तिने ओट्यावरच्या सगळ्या काळ्या बाटल्यांना 'सुमूचं मंजन' अशी चिठ्ठी चिकटवली. भरताना सहा होत्या, मोजताना सात निघाल्या. याला तिने निसर्गाची बरकत म्हटलं. चांगुणाबाईंनी ते बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. पण 'यातली एक माजी हाय' म्हणायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. रात्री काढून घेऊ, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

रात्रीपर्यंत बाटली राहिली नाही. नोटीस मागे घेतल्याबद्दल अस्मिताने ती सुधीरना भेट दिली.

पुढचा आठवडा चांगुणाबाईंना वाईट गेला. वासाने त्यांनी घरातल्या बाटल्या तपासल्या. सगळ्यांना लवंगेचा वास. मशेरी गेली कुठे ते कळेना, विचारता येईना, आणि नवी भाजायला तंबाखूचं पान उरलं नव्हतं. चहा त्यांना पाणचट लागे, टीव्हीवरच्या सगळ्या सुना नालायक वाटत. सुमूचे दात मात्र त्याच घासून घेत. अस्मिता निघायच्या घाईत सुमूच्या तळहातावर मंजनाची चिमूट ठेवी आणि सुमू "आजीकडेच घासणार" म्हणून बाथरूमकडे पळे. पाच मिनिटांनी ती हसत बाहेर येई, दात स्वच्छ. बाथरूमच्या खिडकीतल्या मनीप्लांटची माती दिवसेंदिवस काळी होत चालली होती. पण सात पन्नासला मातीकडे कोण बघतं!

सुधीरचं वेगळंच चाललं होतं. पहिल्या दिवशी त्यांना गरगरलं आणि उचकी लागली. राजश्रीताई म्हणाल्या, "विषारी द्रव्यं बाहेर पडतायत. चालू द्या." तिसऱ्या दिवशी ते जिन्यात अस्मितासमोर हात जोडून उभे राहिले.

"वहिनी, काय चीज आहे ही! डोकं असं हलकं होतं ना... पन्नास वर्षं मी नुसता ब्रश करत होतो, दात घासत नव्हतो."

ते दिवसातून चारदा घासू लागले. बाल्कनीत खुर्ची टाकून, तोंडात बोट घालून, शून्यात बघत. अंगात इतका उत्साह संचारला की त्यांनी पार्किंगचे पट्टे स्वतः रंगवले, आणि ते झाल्यावर तातडीची सर्वसाधारण सभा बोलावली. विषय: फ्लोराइड.

सभेत राजश्रीताईंनी मुद्दा काढला. "पेस्ट बंद केली आपण. पण चूळ कशाने भरतो?"

त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली.

"नळाच्या पाण्याने!"

अंगणातल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकदम करकरल्या. पाण्यात पालिका फ्लोराइड घालते, हे राजश्रीताईंनी मोबाइलवर वाचलं होतं. कुठली पालिका ते त्यात नव्हतं. ठराव एकमताने झाला. अर्ज लिहायला अस्मिता, कारण पत्र लिहिण्यात तिचा हात धरणारं त्या इमारतीत कुणी नव्हतं. 'विषय: नळाच्या पाण्यातील फ्लोराइड त्वरित बंद करणेबाबत.' खाली एक्केचाळीस सह्या. अश्विनने सहीपुढे 'केमिकल क्षेत्र' असं लिहिलं.

अर्धा दिवस रजा टाकून अस्मिता सुधीरबरोबर पालिकेच्या कार्यालयात गेली. खिडकीतल्या बाईंनी फॉर्म ओढला.

"पाणी कमी दाबाने येतं?"

"नाही."

"गढूळ?"

"नाही हो, स्वच्छ असतं."

"वेळेवर येत नाही?"

"येतं की."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग तक्रार काय लिहू? आभार लिहू का?"

तिथून दोघांना वरच्या मजल्यावर, पाणीपुरवठ्याच्या टेबलाशी धाडलं. टेबलामागे बाजीराव नावाचे गृहस्थ होते, नांदेडकडचे. त्यांनी अर्ज दोनदा वाचला. मग तोंडावर हात धरून खांदे हलवत हसले.

"मॅडम, आमी टाकतच नाही ते पाण्यात. बंद काय करू?"

"ते आम्हाला माहीत नाही," सुधीर टेबलावर वाकले. घासून दोन तास झाले होते आणि ते जरा चिडचिडे झाले होते. "आमचा ठराव झालाय. बंद झालंच पाहिजे."

"मंग असं करू का साहेब, आधी टाकायला सुरू करतो, अन् मंग तुमच्या अर्जावरनं बंद करतो."

अस्मिता ओशाळून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागली. बाजीरावांना ते जाणवलं असावं. त्यांनी तोंडावरचा हात काढला. दातांवर आडवे तपकिरी पट्टे होते, गंज चढल्यासारखे.

"तुमी उगं भ्यालात असंही नाही मॅडम. हे बघा. आमच्या गावच्या बोअरच्या पाण्यात लई हाय ते. हापश्याला लाल रंग मारून गेले होते, पिऊ नका म्हणून. पण दुसरं पाणी कुठं होतं? पिलो. तिथं काढायला पाहिजे, तर तिथून कुणाचा अर्ज येत नाही. हितं नाहीच, तर एक्केचाळीस सह्या." ते पुन्हा हसले, या वेळी हात न धरता. "माझ्या पोरीला मी पेस्ट देतो, हां. तीच, फ्लोराइडची. जरासी. गिळायची नाही, थुकायची." त्यांनी मोबाइल पुढे केला. दोन वेण्यांची मुलगी सगळे दात दाखवून हसत होती.

अस्मिताला त्या फोटोकडे आणखी थोडा वेळ बघावंसं वाटलं. पण मान राखायचा तर 'आवक'चा शिक्का घेऊनच उतरायला हवं होतं. ती शिक्का घेऊनच उतरली. उतरताना जिना चढताना होता त्यापेक्षा लांब वाटला.

घरी आली तर सुमू सोफ्यावर गालाला हात लावून बसलेली. लाडू अर्धा खाऊन बशीत ठेवलेला. "आई, इथे आत टोचतंय," ती म्हणाली. रडत नव्हती, आणि तेच जास्त वाईट होतं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात सुधीर, हातात रिकामी बाटली. "वहिनी, संपलं हो. एक बाटली... अर्धी तरी."

दार चांगुणाबाईंनी उघडलं होतं. त्या जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी नाक पुढे केलं, एकदा हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि आठवडाभर हरवलेलं माणूस स्टेशनावर भेटावं तसा त्यांचा चेहरा उजळला.

"अगो अस्मिता! ह्याच्या तोंडाला माज्या मशेरीचा वास येतोय!"

पुढचं सगळं दोन मिनिटांत उलगडलं. सुधीर चपलांच्या स्टँडवर बसले. ते मोडलं, पण उठायचं त्यांच्या लक्षात आलं नाही. "म्हणजे मी... तंबाखू? मी? त्या पाटीखालून रोज ये-जा करत?"

आवाज ऐकून राजश्रीताई खाली आल्या होत्या. "पण तंबाखू नैसर्गिकच आहे ना," त्या हळूच म्हणाल्या. त्या संध्याकाळी त्यांच्याशी कुणी बोललं नाही.

अस्मिताला हसू आलं नाही. सात बाटल्या. सारखी झाकणं, सारख्या चिठ्ठ्या, सगळ्यांवर सुमूचं नाव, तिच्याच अक्षरात. त्यातली कुठली सुधीरना जाईल आणि कुठली सुमूच्या फळीवर, ते तिने नाही, नुसत्या तिच्या हाताने ठरवलं होतं. ती बाथरूममध्ये गेली, फळीवरची बाटली उघडून नाकाशी धरली. लवंग. तिने पुन्हा हुंगलं. लवंगच. मग ती तिथेच पालथ्या बादलीवर बसली. दार वीतभर उघडं होतं, आणि गाणं म्हणायचं तिला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला कळवून ती सुमूला दवाखान्यात घेऊन गेली. चांगुणाबाई बोलावलं नव्हतं तरी बरोबर निघाल्या. डॉक्टर क्षिप्रा तरुण होत्या. सुमूला बघून त्या खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसल्या, मग चांगुणाबाईंकडे वळल्या.

"आजी! शाळेत आला होतात ना तुम्ही? दिलेली ट्यूब संपली का?"

"ट्यूब?" अस्मिता म्हणाली. "ती तर मी... आमच्याकडे मंजन..."

"मंजन झाडाला," सुमू तोंड उघडं ठेवूनच म्हणाली. "आजी मला वाटान्याएवढी देते. डब्यातली नळी. आजीने धुतली ती."

चांगुणाबाई छताकडे बघू लागल्या.

डॉक्टरांनी आरसा आत घालून बघितलं. दाढेत खड्डा होता, पण खोल नव्हता. तासाभरात भरता येण्याजोगा. "पुढच्या दातांवर पांढरे डाग होते, सुरुवात होती. ते तिथेच थांबलेत. पेस्टने काम सुरू केलंय." मग त्यांनी नेहमीचं विचारलं: रात्री दूध? खाऊ काय?

"चॉकलेट अजिबात नाही," अस्मिता म्हणाली. निदान एवढं तरी तिच्याकडे होतं. "खजुराचे लाडू, मनुका..."

"चॉकलेट विरघळून जातं हो. खजूर दाताला धरून बसतो." डॉक्टरांनी ते इतक्या मऊ आवाजात सांगितलं की अस्मिताला लागलं ते घरी जाऊन लागलं. कवटीच्या ड्रमचंही तिने विचारून घेतलं. "ड्रमभर मीठ खाल्लं तरी माणूस मरेल," डॉक्टर म्हणाल्या. "वर्षानुवर्षं पाण्यातून जास्त पोटात जाणं वेगळं, ब्रशवर वाटाण्याएवढी घेऊन थुंकणं वेगळं."

सुमूची दाढ भरून होईपर्यंत दोघी बाकावर बसल्या.

"मला सांगायचं तरी, आई."

"काय सांगू? तू एवढी टरफलं जाळलीस, धूर खाल्लास. पोरीसाठी करत व्हतीस. तुजं मन मोडायचं व्हय मी?" चांगुणाबाईंनी पदर सारखा केला. "आनि मला काय कळतं त्यातलं? पन ती डॉक्टरीण पोरीसमोर गुडग्यावर बसली व्हती. राजश्रीबाय बसल्या व्हत्या काय?"

आतून हाक आली. "आजी, आता तुम्ही या. आ करा."

"मी कशाला? माजे समदे दात हायत."

दात सगळे होते. पण गालाच्या आत, मशेरी धरायच्या जागी, पांढरा चट्टा होता. डॉक्टरांचा आवाज या वेळी मऊ नव्हता. "आज लहान आहे. मशेरी सुटली तर जाईलही. दर महिन्याला दाखवायचं. नाही सुटली, तर पुढचं मला सांगायला आवडणार नाही."

"पन्नास वरसांची सवय हाय, बाय."

सुमूने भरलेल्या दाढेवरून जीभ फिरवली आणि आजीचं बोट धरलं. "मी पण आ केला ना? मला पण नको होतं."

तीन आठवड्यांनी पालिकेचं उत्तर आलं. 'सदर पदार्थ पाण्यात मिसळला जात नाही. सबब आपली तक्रार निकाली काढण्यात येत आहे.' सुधीरनी ते दोनदा वाचलं आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं: 'आपल्या लढ्याला यश! फ्लोराइड बंद!' घरोघर पेढे वाटले. पेढे चिकट होते. अस्मिताने खरं काय ते समजावून सांगायला तोंड उघडलं, पण सुधीरना मशेरी सोडून एकवीस दिवस झाले होते आणि त्यांना कसला तरी आनंद हवा होता. तिने पेढा घेतला, सगळ्यांना चूळ भरायला लावली आणि गप्प बसली. राजश्रीताईंनी आता कोपराच्या दुखण्याचा कोर्स लावला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डबा भरत असताना बाथरूममधून बोलणं ऐकू आलं. दार वीतभर उघडंच. आरशासमोर चांगुणाबाई, शेजारी स्टुलावर सुमू. आजीच्या हाताला अजून थोडा कंप होता, म्हणून ब्रश सुमूने धरला होता आणि नळीही तीच पिळत होती.

"एवढीच? माजं तोंड मोठं हाय गो."

"वाटाण्याएवढीच. गिळायची नाही. आणि आधी आ कर, मला चट्टा बघायचाय." सुमूने अश्विनच्या मोबाइलच्या टॉर्चचा उजेड आजीच्या तोंडात पाडला आणि बराच वेळ गंभीरपणे पाहिलं. "लहान झालाय."

"खरं सांगतेस?"

"हो. माझ्या नखाएवढा."

मनीप्लांटला नवं पान आलं होतं. सात बावन्न झाले होते, तरी अस्मिता हातात पोळी धरून तिथेच उभी राहिली.

बेल वाजली. दारात पेटी घेऊन सुतार उभा होता. ज्याला तिने महिन्याभरात तीस फोन केले होते, तोच. "ताई, बिजागरी बसवायची होती ना?"

अस्मिताने मागे वळून त्या वीतभर फटीकडे बघितलं.

"आज नको दादा," ती म्हणाली. "तुम्ही उद्या या."